देवघरात चपला

हर्षद पावसकरच्या वर्गात पहिला धडा प्रोग्रामिंगचा नसायचाच. तो चपलांचा असायचा.

कराडमधल्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये हा वर्ग भरायचा. दाराशी चपला काढायच्या, आत येऊन सतरंजीवर बसायचं आणि आपापला संगणक मांडीवर घ्यायचा. येणाऱ्यांत नोकरी शोधणारं पोर एखादंच, बाकी सगळी घरदार सांभाळणारी माणसं. त्याचं कारण असं, की माणसाच्या अंगाला लागणारी यंत्रं, म्हणजे कानातली, डोळ्यांवरची, लुळ्या पायाला चालवणारी, आता कंपन्यांना उघडी, म्हणजे आतला प्रोग्राम कुणालाही बदलता येईल अशी, द्यावी लागत होती. प्रत्येकाचं अंग वेगळं, दुखणं वेगळं. दर वेळी मुंबईहून इंजिनिअर कुठून येणार? तेव्हा घरातल्याच कुणीतरी थोडं शिकावं आणि आपल्या माणसाचं यंत्र आपणच जुळवून घ्यावं, असा रिवाज पडला होता. लोकांनी तो कुरकुरत का होईना, पत्करला होता. वर्गातल्या शिंदेकाकूंच्या यजमानांना कानातल्या यंत्रातून कुकरची शिट्टी ऐकू यायची, काकूंची हाक मात्र यायची नाही. दोष यंत्राचा की यजमानांचा, याचा छडा लावायला काकू आल्या होत्या.

नव्या मंडळींसमोर हर्षद उभा राहायचा आणि विचारायचा, "तुमच्या घरात देवघर आहे?"

माना हलायच्या.

"मग यंत्रातही असतं. यंत्र ज्या मूळ सामानावर चालतं ते सगळं तिथं. या सामानाला आपण लायब्ररी म्हणतो. दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेले तयार तुकडे, बाकी काही नाही. आता तुम्हाला काही नवं करून बघायचंय, त्याला लायब्ररीची नवी आवृत्ती लागते. ती तुम्ही नेऊन देवघरात ठेवलीत, तर जुनी जाते, आणि जुनीवर जे जे उभं होतं ते कोसळतं. म्हणून प्रत्येक कामाला वेगळी खोली बांधायची. लागेल ते सामान त्या खोलीत आणायचं, तिथंच वापरायचं. खोलीत आग लावा, पूर आणा, देवघराला पत्ता लागत नाही. बिघडली तर पाडायची, दुसरी बांधायची. नवशिक्याला मोडतोड करता आली पाहिजे, तरच तो शिकतो. फक्त देवघरात चपला घालून जायचं नाही."

हे तो फार छान सांगायचा. पुण्याच्या कंपनीत बरीच वर्षं काढून, वडिलांसाठी गावी परतलेला माणूस. जिल्ह्यात त्याच्या तोडीचं कुणी नव्हतं आणि हे त्याला ठाऊक होतं. जरा जास्तच ठाऊक होतं.

वर्गात शेवटच्या ओळीत त्याची बायको केतकीही बसायची. घरी ती त्याला अहो म्हणायची आणि इथं मुद्दाम ठसक्यात 'सर'. पोळ्या, धुणं आणि सासऱ्यांचं सगळं आटोपून ती यायची आणि सर सांगतील ते शब्दशः करायची. इतकं शब्दशः, की हर्षदला हसू आवरायचं नाही. मोठ्या वस्तू खोलीत उचलून आणायच्या नसतात, खोलीतून त्यांच्याकडे नुसती खिडकी ठेवायची असते, हे बाकीच्यांना कळलं होतं. केतकीने मात्र सर म्हणाले 'लागेल ते सामान आत आणा', म्हणून सगळंच आत आणलं होतं.

"केतकीबाईंनी खोली बांधली," हर्षद वर्गात म्हणाला होता, "आणि अख्खं घर उचलून आत नेलं. सासऱ्यांसकट!"

सगळे हसले. केतकीही हसली, पण तिचे कान लाल झाले. तो भार काढून टाक आणि तिथं खिडकी बसव, असं त्याने तिला बजावलं. ती हो म्हणाली. तो विसरून गेला.

सासऱ्यांसकट, हे नुसतं चेष्टेत म्हटलेलं नव्हतं.

मनोहर पावसकर, म्हणजे आप्पा, एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. गाडी कुठल्या फलाटाला लागणार ते कर्ण्यावरून सांगायचे. कराडात एक पिढी त्या आवाजावर गाड्या पकडत मोठी झाली. गाडी लेट झाली, की चूक ड्रायव्हरची असो नाहीतर घाटातल्या दरडीची, दिलगिरी आप्पाच मागायचे, आणि अशी मागायचे की चिडलेला प्रवासीसुद्धा गप्प बसून दाण्याची पुडी सोडायचा. गावातल्या लग्नांतही माईक त्यांच्याच हातात. निवृत्तीनंतर मेंदूच्या देठाशी झटका आला आणि हात, पाय, वाचा एकदमच गेली. समज शाबूत होती. डोळे तर जास्तच तल्लख झाले होते. हो असेल तर एकदा पापणी मिटायची, नाही असेल तर दोनदा.

मग ती पट्टी आली. माणूस बोलायचं मनात आणतो तेव्हा आवाज फुटो न फुटो, मेंदूकडून गळ्याच्या आणि जबड्याच्या स्नायूंना निरोप निघतोच. आप्पांचे निरोप निघत होते, पण पोचताना विझत होते. गळ्याभोवतीची पट्टी ती विझती कुजबुज टिपायची आणि शेजारच्या डब्याएवढ्या खोक्यातून तिचे शब्द व्हायचे. आवाज आप्पांचाच, लग्नांच्या जुन्या व्हिडिओंतून काढलेला. मात्र कुठला निरोप म्हणजे कुठला शब्द, हे प्रत्येक माणसाचं निराळं असतं. ते खोक्याला माणसाकडूनच शिकावं लागतं, एकेक अक्षर घोटत. त्या शिकलेल्या ठेव्याला स्वरकोश म्हणत. आप्पांचा स्वरकोश तयार व्हायला दीड-दोन वर्षं गेली होती. तो दुकानात मिळत नाही, दुसऱ्याचा चालत नाही.

त्या कोशावर केतकी आपल्या खोलीत एक उद्योग करत होती. आप्पा बोलायचे, पण हसले की खोक्यातून नुसती खरखर यायची. ती खरखर म्हणजे हसू आहे, हे तिला खोक्याला शिकवायचं होतं.

पुण्याची एक संस्था असल्या वर्गांवर फिल्म करत होती. त्यांची माणसं हर्षदच्या घरी यायची होती. आप्पांनी कॅमेऱ्यासमोर जुन्या थाटात एक घोषणा करायची, असं ठरलं होतं. सगळी तयारी झाली, पण हर्षदच्या डोक्यात एक किडा वळवळत होता. आप्पांचा जबडा हलला, की शब्द बाहेर यायला अर्धा सेकंद लागायचा. घरच्यांना त्याची सवय होती. पण फिल्ममध्ये ते कसं दिसेल? लायब्ररीची नवी आवृत्ती नुकतीच आली होती, तिच्यात हा उशीर जवळजवळ नाहीसा केला होता.

दुपारी पाहुण्यांचा फोन आला, उंब्रजला चहाला थांबलोय. म्हणजे अर्ध्या तासात दारात. केतकी स्वयंपाकघरात साबुदाणा वडे तळत होती. आप्पा खुर्चीत, इस्त्रीच्या शर्टात, गळ्याला पट्टी. हर्षदने खोक्याला संगणक जोडला.

"काय करतोस?" आप्पांनी खोक्यातून विचारलं.

"काही नाही आप्पा. तुमची गाडी जरा वेळेवर आणतो."

आप्पांचा जबडा पुन्हा हलला. अर्ध्या सेकंदाने शब्द आले. "खोली केलीस का?"

हर्षद हसला. केतकी वर्गाचे धडे घरात घोकायची, ते आप्पांनाही पाठ झाले होते. "मला कशाला खोली, आप्पा? खोल्या नवशिक्यांना."

खोली बांधून त्यात सगळं आणायला अर्धा तास गेला असता आणि पाहुणे तोवर पोचले असते, हे खरं. पण ते कारण नव्हतं. खरं कारण त्याने स्वतःच्या तोंडानेच सांगितलं होतं. त्याने नवी आवृत्ती थेट देवघरात नेऊन ठेवली. खोकं बंद करून सुरू केलं. पडद्यावर दोन ओळी आल्या: जुना कोश ओळखता येत नाही, नव्याने सुरुवात करू? असल्या ओळी आयुष्यात इतक्या पाहिलेल्या असतात, की हात वाचायच्या आधीच 'हो' दाबून मोकळा होतो.

हात मोकळा झाला. मग डोळ्यांनी वाचलं.

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय, ते हर्षदला त्या क्षणी कळलं. कोश ठेवलेल्या जागी नवा, कोरा कोश बसला होता. रोज आपोआप होणारा बॅकअप त्यानेच काही महिन्यांपूर्वी बंद केला होता आणि जुन्या प्रतीही पुसल्या होत्या. तो चालू असला की खोकं अडखळायचं. आप्पांनी काहीतरी म्हटलं. खोक्यातून पाण्याच्या रिकाम्या नळासारखा आवाज आला. आप्पांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा तोच आवाज. मग ते बोलायचे थांबले आणि मुलाकडे बघत राहिले.

दारात गाडी वाजली.

पाहुणे आत आले, केतकी पदराला हात पुसत बाहेर आली, नमस्कार-चमत्कार झाले, कॅमेरा लागला. "आप्पा, होऊन जाऊ द्या," कुणीतरी म्हणालं. नळ भरभरला. सगळ्यांनी हर्षदकडे पाहिलं. पुढे हर्षदने खोटं असं काहीच सांगितलं नाही, हे तो नंतर कितीतरी वेळा स्वतःला बजावत राहिला. त्याने फक्त एक प्रश्न विचारला. बायकोकडे वळून, कपाळाला बारीक आठी घालून तो म्हणाला,

"केतकी, काल तू यात काही केलंस का?"

केतकीने आदल्या संध्याकाळी हसण्याचं काम केलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मी… मी माझ्या खोलीतच होते. मला वाटतं, खोलीतच होते. का? काय झालं?"

"देवघरातला कोश गेलाय."

"अगं बाई! माझ्या हातून…" तिने तोंडावर हात ठेवला.

इथे तो बोलू शकला असता. सगळे थांबले होते, वेळ पुष्कळ होता. तो तिच्याजवळ गेला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "असू दे. नवशिक्याकडून होतं असं. मी कधी रागावलोय का?"

फिल्मवाल्या बाईंचे डोळे पाणावले. किती समजूतदार माणूस, असं त्या जाताना म्हणाल्या. वडे कुणीच खाल्ले नाहीत. आणि खुर्चीतून आप्पा मुलाकडे बघत होते. हर्षद सोडून जगात एकच माणूस खरं काय ते जाणत होता आणि त्याचीच वाचा गेली होती.

डॉक्टर येऊन गेले. पूर्वी कोश घोटला तेव्हा आप्पांच्या स्नायूंत जोर जास्त होता, आता तो ओसरलाय, म्हणाले. पुन्हा पहिल्यापासून शिकवता येईलच असं सांगता येत नाही. प्रयत्न करा.

केतकीने प्रयत्न मांडला. सकाळी आप्पांचं आवरलं, की ती त्यांच्यासमोर पाटावर बसायची आणि 'आ' म्हणायची. आप्पा 'आ' म्हणायचा यत्न करायचे. नळ भरभरायचा. पुन्हा 'आ'. थोड्या वेळात आप्पांच्या कपाळावर घाम यायचा, मान कलायची. ती त्यांचं तोंड पुसायची आणि म्हणायची, "आप्पा, चुकलं हो माझं."

आप्पा दोनदा पापणी मिटायचे.

"तुम्ही नाही म्हणता, तो तुमचा मोठेपणा," ती म्हणायची आणि डोळे पुसायची. आप्पा पुन्हा दोनदा मिटायचे, पुन्हा दोनदा, आणि मग केतकीच्या खांद्यावरून त्यांची नजर दारात उभ्या हर्षदवर यायची. नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, हर्षदला वाटायचं. त्या नजरेत नुसतं वाट बघणं होतं. हर्षद आत वळायचा, काहीतरी शोधल्यासारखं करायचा. केतकी त्याच्या ताटात भाजी वाढताना विचारायची, "तुम्ही खरंच रागावला नाहीत ना?" आणि तो मान हलवायचा. त्याला स्वतःची किळस यायची. पण किळस येणं आणि तोंड उघडणं यांत फार अंतर असतं, आणि तो त्या अंतरात आरामात राहत नसला तरी राहत होता.

तिने वर्ग सोडला. "मला नाही जमायचं ते," म्हणाली. "आणि एक करा. त्या खोक्यातली माझी खोली पाडून टाका. मला भीती वाटते, अजून काही बिघडेल."

पाडून टाकणं म्हणजे एका ओळीचं काम. रविवारी सकाळी केतकी भाजी आणायला मंडईत गेली असताना हर्षद खोक्यापाशी बसला. पाडण्यापूर्वी सवयीने त्याने खोलीत डोकावून पाहिलं, आणि त्याचे हात थांबले. खोली अवाढव्य होती. नवशिक्या माणसाच्या छोट्याशा कामाला इतकी जागा लागतच नाही. त्याने सामान उलगडलं. सरांनी सांगितल्यावरही भिऊन तिने काही काढलेलं नव्हतं. लायब्ररीची जुनी आवृत्ती होती. आणि तिच्या शेजारी, खिडकी नव्हे, सबंध उचलून आणलेला, आप्पांचा स्वरकोश होता. चार महिन्यांपूर्वीचा, पण अख्खा. देवघरात प्रलय झाला होता आणि खोलीला त्याचा पत्ताही लागला नव्हता. त्यानेच शिकवलं होतं तसं.

केतकीला हे ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी खोलीतलं सगळं खोटं-खोटं, सरावाचं.

आप्पांचा आवाज परत येणार, या आनंदाने त्याला रडू फुटायला हवं होतं. रडू फुटलं नाही. त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आवाज आला तर आप्पा बोलतील. आणि बोटांखाली ती ओळ तयार होती, जी दाबली की खोली पडणार होती. बायकोनेच सांगितलं होतं पाडायला. कुणाला कधी कळलं नसतं.

बापाचा आवाज आणि आपली अब्रू, यांच्यात त्याला निवड करावी लागत होती, याचीच त्याला आधी लाज वाटायला हवी होती. त्याने ओळ पुसली, संगणक मिटला आणि उठला. खोली पाडली नाही. पण बोललाही नाही. आज नको, उद्या नीट तपासून सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं. असं त्याने पुढेही दोन-तीनदा ठरवलं.

मग वर्गात नवी मंडळी आली. दाराशी चपला निघाल्या, सतरंजी भरली. शिंदेकाकू आता जुन्या म्हणून पुढे बसल्या होत्या. हर्षद उभा राहिला. "तुमच्या घरात देवघर आहे?" त्याने विचारलं आणि स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. त्याने खोल्यांचं सांगितलं, चपलांचं सांगितलं. एका नव्या गृहस्थांनी विचारलं, "आणि चुकून गेलंच कुणी देवघरात, तर काय व्हतं हो?"

हर्षद उत्तर जुळवत होता, तेवढ्यात शिंदेकाकू मागे वळून म्हणाल्या, "केतकीताईंचं झालं की. सरांच्या मिसेस. सासऱ्यांचा आवाज घालवून बसल्या बिचाऱ्या."

"अरेरे!"

"व्हय. पण सर एका शब्दानं बोलले न्हाईत हो. असा नवरा मिळायला नशीब लागतं बघा."

सतरंजीवरच्या सगळ्या नजरा कौतुकाने हर्षदवर आल्या. केतकी आता धडा झाली होती. पुढच्या प्रत्येक वर्गात तिचं नाव निघणार होतं, आणि शेजारी त्याच्या मोठेपणाचं. "आज इथंच थांबू," तो म्हणाला. लोकांना वाटलं, सरांना दुःख अनावर झालं. एकाने त्याच्या चपला सरळ करून ठेवल्या.

तो घरी आला तेव्हा केतकी पाटावर बसून 'आ' म्हणत होती.

"ऊठ," तो म्हणाला. "तुझ्या खोलीत आप्पांचा कोश आहे. जुना, पण आहे."

तिला आधी समजेचना. समजलं तेव्हा तिने दोन्ही हातांनी त्याचा दंड धरला. "माझ्या खोलीत? म्हणजे ते मी… तुम्ही हसला होतात ते?"

"तेच."

"मग आधी का नाही बघितलंत?"

याचंही उत्तर त्याच्यापाशी होतं. त्याने दिलं नाही. या वेळी मात्र त्याने सगळं रीतसर केलं. देवघरातली नवी आवृत्ती काढली, जुनी बसवली, कोशाची आधी एक प्रत बाजूला ठेवली, मग दुसरी आत नेली. हे करताना त्याने मनाशी एक हिशेब केला होता, तोही सांगायलाच हवा. आपण काही बोलायचं नाही, आप्पा सांगतील. त्यांच्या तोंडून एकदाचं बाहेर पडलं, की आपण मान खाली घालून उभं राहू. स्वतःच्या तोंडाने सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. बोलता न येणाऱ्या बापावर त्याने हेही काम टाकलं होतं.

खोकं सुरू झालं. जुन्या कोशाने उशीर वाढला होता, अर्ध्या सेकंदाऐवजी पुरते दोन सेकंद. आप्पांचा जबडा हलला.

"पोरी," खोक्यातून आप्पांचा आवाज आला. "चहा कर."

केतकी रडू लागली, हसू लागली, चहाला जायचं सोडून आप्पांच्या गुडघ्यांशी बसली. डोळे पुसून झाल्यावर तिने, हर्षदला ज्याची धास्ती होती, तेच विचारलं. "आप्पा, तुम्ही तर तिथंच असता दिवसभर. माझं नेमकं काय चुकलं होतं? सांगा, म्हणजे परत नाही करणार."

आप्पांनी हर्षदकडे पाहिलं. मग जबडा हलला. बराच वेळ हलला, लांब वाक्य होतं. ते आतल्या आत बोलून झालं होतं आणि अजून ऐकू आलं नव्हतं. दोन सेकंद. जो उशीर मारायला हर्षद देवघरात घुसला होता, त्याच उशिरात आता तो उभा होता. त्याला वाटलं, संपलं. आता येईल.

"मी केलं," तो ओरडलाच. "केतकी, ते मी केलं! तू काही केलं नाहीस. पाहुणे यायच्या आधी मीच देवघरात गेलो होतो."

आणि त्याचं बोलणं संपतंय तोवर खोक्यातून आप्पांचे शब्द आले, सावकाश, स्टँडवरच्या त्याच जुन्या स्वरात.

"चूक माझी, पोरी. यंत्र सुरू होताना… मीच मधे बोललो. माझ्यामुळं गेलं. दिलगीर आहे."

आप्पांनी डोळे मिटून घेतले होते. मुलाला वाचवायला म्हातारा पुन्हा कर्ण्यापाशी गेला होता, आणि मुलाने थोडा दम धरला असता तर तो वाचलाही असता. हर्षदला वाटलं होतं, बाप आपलं पितळ उघडं पाडणार. इतकी वर्षं त्या आवाजाखाली वाढून त्याने आपल्या बापाला एवढंच ओळखलं होतं.

केतकी उठली. तिचा आवाज अजिबात चढला नाही.

"तुम्ही मला माफ केलं होतंत," ती म्हणाली. "चारचौघांत. खांद्यावर हात ठेवून."

"केतकी…"

"मी तुमचे आभार मानत होते मनातल्या मनात. रोज." तिने पाट उचलून भिंतीला लावला. "एक सांगा. आप्पा काय बोलणार ते आधी ऐकू आलं असतं, तर बोलला असतात?"

हर्षदने आप्पांकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं. "नसतो बोललो," तो म्हणाला.

"बरं," केतकी म्हणाली आणि चहा करायला गेली. चहा दोन कप आणला. एक आप्पांना चमच्याने पाजला, दुसरा स्वतः प्यायली.

पुढच्या वर्गाला ती आली. हर्षदच्या बरोबर नाही, मागून आली आणि शेवटच्या ओळीत आपल्या जागी बसली. हर्षदने त्या दिवशी चपलांपासून सुरुवात केली आणि मग कुणाच्या चपला होत्या ते सांगितलं. आप्पांनी 'खोली केलीस का' विचारलं होतं, तेही सांगितलं. रविवारी मंडईच्या वेळी सापडलेल्या खोलीचंही सांगितलं. कुणी अरेरे म्हटलं नाही. शिंदेकाकूंनी त्याच्याकडे पाहायचं टाळलं, स्वतःच्या पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिल्या. मग त्या हळूच सरकत सरकत मागच्या ओळीत गेल्या आणि केतकीच्या शेजारी जाऊन बसल्या. वर्ग संपल्यावर लोक निघाले, हर्षदच्या चपला जिथे पडल्या होत्या तिथेच पडून राहिल्या.

घरी केतकी त्याच्याशी कामापुरतं बोलायची. खोक्यापाशी मात्र तीच बसायची. गेलेले चार महिने ती आणि आप्पा मिळून पुन्हा घोटत होते, आणि बाजूला, तिच्या खोलीत, हसण्याचं काम चालू होतं. हर्षद लांबून बघायचा. एका संध्याकाळी धीर करून तो म्हणाला, "मी काही मदत करू?"

केतकीने मान वळवली. "देवघराची किल्ली बदललीय मी," ती म्हणाली. "पण तुमच्यासाठी जागा केलीय. बसा."

तो तिच्या शेजारी पाटावर बसला. तिने संगणक त्याच्याकडे वळवला. खोल्यांच्या नावांत तिच्या खोलीखाली एक नवी, रिकामी खोली होती. नाव दिलं होतं: हर्षद, नवशिका.

त्याने मान खाली घातली. समोर खुर्चीत आप्पांचे खांदे थरथरले, तोंड वाकडं झालं, डोळे बारीक झाले. दोन सेकंद काहीच नाही. मग खोक्यातून, पहिल्यांदाच, खळखळून हसू आलं, कराडच्या अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं.

ते संपेपर्यंत हर्षद तसाच बसून राहिला. मग त्याने कळफलक पुढे ओढला आणि पहिल्या धड्यातली पहिली ओळ लिहायला घेतली.